स्पेक्ट्रमची रुंदी रडारशी जुळत नाहीये? एप्सिलॉन वाढवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझा जुना ताप आठवला. अँटेना क्षितिजापासून १ अंश वर, हलका पाऊस, सिम्युलेशनमध्ये डॉप्लर स्पेक्ट्रमची रुंदी (म्हणजे रडारला दिसणारे थेंबांचे वेग किती पसरलेत ते) सेकंदाला ०.८ मीटर आणि रडारच्या फाइलमध्ये १.९. ती जुळावी म्हणून तुम्ही थेंबांच्या आकारांचं मार्शल-पामर वितरण काढून गॅमा वितरण घातलंत, मग एप्सिलॉन, म्हणजे हवेतला टर्ब्युलन्स (खळबळ) किती जोरदार ते सांगणारा आकडा, वाढवत नेलात.

थेंबांचं वितरण सोडा. सरळ वर बघणाऱ्या रडारला थेंबांच्या कमीजास्त वेगामुळे सेकंदाला साधारण १ मीटर रुंदी दिसते. १ अंशावर त्याला त्या कोनाच्या साइनने गुणायचं, म्हणजे ०.०२ सुद्धा उरत नाही. शिवाय वेगवेगळ्या कारणांच्या रुंदी वर्ग करून मिळवायच्या, म्हणजे त्याचा वाटा आणखीच नगण्य. तिथे गॅमा लावा नाहीतर आणखी काही, ढिम्म फरक पडणार नाही.

आधी हे शोधा: रडारच्या प्रोसेसरने रुंदी काढताना नॉइज वजा केला होता का? पल्स-पेअर या नेहमीच्या पद्धतीत एकूण पॉवर आणि पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशन (लागोपाठच्या दोन पल्सचे सिग्नल एकमेकांशी किती जुळतात ते) यांच्या गुणोत्तरावरून रुंदी निघते. नॉइज पॉवरमध्ये भर घालतो, लॅगमध्ये सरासरीने नाही. त्यामुळे सिग्नल कमजोर असेल तिथे रुंदी फुगते आणि आपण तिलाच टर्ब्युलन्स समजतो.

एवढी माहिती एका कार्यालयाकडून (नाव घेत नाही) काढताना माझ्या नाकीनऊ आले. पहिलं उत्तर, 'डेटा क्वालिटी कंट्रोल्ड आहे.' अहो, मी हो की नाही विचारलं होतं! कच्चा आय-क्यू डेटा (प्रत्येक पल्सचा प्रक्रिया न केलेला सिग्नल) मागितला तर विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज हवा. तो दिला, तर तीच प्रॉडक्ट फाइल पुन्हा आली, या वेळी झिप करून. हेडरमध्ये पल्सची लांबी नाही, क्लटर फिल्टर (जमिनीवरून येणारे प्रतिध्वनी गाळणारा) चालू होता का तेही नाही. शेवटी तिथल्याच एका ऑपरेटरने फोनवर सहज सांगितलं की वजा करायची नॉइजची पातळी कित्येक महिने कुणी बदललेलीच नाही. तोवर माझं थिसिसचं अख्खं प्रकरण बाद झालं होतं.

तुमच्याकडे एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) असेल तर त्याच्यासमोर रुंदी मांडून बघा. एसएनआर घसरताना रुंदी चढत असेल तर एप्सिलॉन पूर्वीच्या जागी ठेवा. आय-क्यू मिळालाच तर पहिल्या आणि दुसऱ्या लॅगवरून रुंदी काढा, नॉइजची कटकटच नाही. (तुमचं रडार वेगळं असेल, मी छातीठोकपणे सांगत नाही. वाऱ्याचं शिअर, म्हणजे जागेनुसार बदलणारा वाऱ्याचा वेग, तोही तपासा.)

थेंबांच्या जडत्वावर लोक पानंच्या पानं लिहितात. २ मिलिमीटरचा थेंब वाऱ्यातला बदल पकडायला साधारण ०.७ सेकंद घेतो, तेवढ्यात चारेक मीटर खाली येतो. तुमचा १ अंशाचा बीम ६० किलोमीटरवर किलोमीटरभर रुंद. माझ्या मते इथे ते वगळा. वर बघणाऱ्या, बारीक रिझोल्यूशनच्या रडारसाठी मात्र ठेवा.

आणि रडार-संशोधक झर्निच यांच्या १९७५ च्या पद्धतीने, म्हणजे ठरवलेल्या स्पेक्ट्रमवरून एफएफटीने (फूरिये रूपांतराने) कृत्रिम सिग्नल बनवत असाल तर मालिका हवी त्याच्या कितीतरी पट लांब बनवून तिचा तुकडा कापून घ्या. नाहीतर एफएफटीमुळे दोन्ही टोकं एकमेकांना जुळतात आणि खऱ्या रडारला कधीच न मिळणारा स्वच्छ स्पेक्ट्रम दिसतो.