आई तिकडे रमत नाही, परत पाठवू का?

व्हॅलेन्सियात राहणाऱ्या एका मुलीने विचारलं होतं, "बाबा गेल्यावर आईला सांगलीहून इथे आणलं. तिचं सगळं करते, तरी दिवसभर खोलीत बसून असते. स्पॅनिश शिकायचं तिचं वय राहिलंय का आता? की परत पाठवून देऊ?"

स्पेन असो, मेक्सिको असो की चिली, मुलांपाठोपाठ गेलेल्या आईवडिलांबद्दल हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणाऱ्यांनी निदानही बहुतेक वेळा करूनच ठेवलेलं असतं: भाषा येत नाही, म्हणून एकटेपणा. मला ते फार घाईचं वाटतं. (हा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकू सत्तरीच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पहिल्या व्हिडिओ कॉलला मुलगी शेजारीच बसली होती. मी विचारलं, "काकू, झोप लागते का?" उत्तर मुलीने दिलं. जेवणाचं विचारलं, तेही तिनेच सांगितलं. शेवटी तिला म्हटलं, "तू जरा बाहेर जाऊन येतेस का?" दार लागल्यावर काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जावई चांगला आहे, पोरगी जीव टाकते. पण मी इथं पाहुणी आहे हो. कपबशी विसळायला उठले तरी 'राहू दे आई'. नातवासाठी म्हणून आले, तर तो शाळेतच जेवून पाचला येतो आणि आल्यावर त्याच्या मित्रांत."

भूक, झोप, रडू येणं, जगण्याबद्दलचे विचार, हे सगळं आधी नीट तपासलं. थायरॉइड आणि बी-12 तिथल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून बघून घ्यायला सांगितलं. उतारवयातली मरगळ पुष्कळदा तिथून निघते, काकूंचं तसं नव्हतं.

मग विचारलं, "शेवटच्या एकट्या बाहेर कधी गेला होतात? काय झालं ते क्रमाने सांगा."

त्या रुसाफाच्या बाजारात चणे आणायला गेल्या होत्या. गाड्यापाशी नीट बाजूला उभ्या राहिल्या. मागून आलेल्या बायका एकेक करून सामान घेऊन गेल्या. "माझ्याकडे कोणी बघेचना. परकी बाई, कोण विचारतंय?" त्या तशाच घरी आल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यानंतर एकट्या बाहेर पडणंच बंद झालं.

पुढच्या वेळी काकूंना विचारून हे मुलीसमोर काढलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं आई, तिथे विचारावं लागतं!" स्पेनमध्ये अशा ठिकाणी रांग डोळ्यांना दिसत नाही, पण असते. आलेल्या माणसाने मोठ्याने विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?", म्हणजे शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं. त्या माणसानंतर आपला नंबर, मग कुठेही उभं राहा. दवाखान्यातही बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत. काकूंनी विचारलं नव्हतं, म्हणून त्या रांगेत नव्हत्याच. परक्यांशी तिकडे कोणी वाईट वागतच नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी मनाला लागलं ते गैरसमजाने.

मी काम एकच दिलं. तेवढं एक वाक्य पाठ करायचं आणि रोज त्याच सुमाराला त्याच गाड्यावर जायचं. मुलीला दिलेलं काम जास्त कठीण होतं: सोबत जायचं नाही, आणि चणे-मसूर सुपरमार्केटमधून आणायचे नाहीत. "ती चुकेल ना!" "चुकू दे. चुकलं तर पाव किलोऐवजी किलोभर चणे येतील." वयाची साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपण मायेपोटी इतकं जपतो, की त्याच्या हातात काही उरत नाही. काकूंनी उभी हयात चाळीस पोरांचे वर्ग सांभाळले होते.

वाक्य जमलं, पण समोरून येणारं उत्तर काही कळेना. "डोकंच चालत नाही माझं," काकू म्हणाल्या. मी कान तपासायला सांगितलं. मुलीला पटेना, घरात तर आईला सगळं ऐकू येतं! वयानुसार आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, स, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात. मातृभाषेत निसटलेलं अक्षर मन अंदाजाने भरून घेतं. नव्या भाषेत भरायला आधीचं काही साठलेलंच नसतं. तपासणीत दोन्ही कानांना कमी ऐकू येत असल्याचं निघालं. यंत्रं लागल्यावर बाजारातले आकडे हळूहळू कळू लागले. "या वयात भाषा येत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी कानाचंच विचारते.

संध्याकाळ मात्र जड जायची. व्हॅलेन्सियात जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि त्या वेळी सांगलीत रात्रीचा एक वाजलेला असतो. बहिणीला फोन करायची सोय नाही. तिथली म्हातारी माणसं त्याच वेळी बाकांवर गप्पा मारत बसलेली असतात, पण काकूंना खाली घेऊन जाणारं कोणी नव्हतं.

ते घडलं वेगळ्याच कारणाने. 29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सियाच्या परिसरात भयंकर पूर आला, दोनशेहून जास्त माणसं गेली. जुनं शहर वाचलं, कारण 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी दक्षिणेकडून वळवली होती. दक्षिणेची गावं बुडाली. शहरातून हजारो लोक झाडू, फावडी खांद्यावर घेऊन चिखल काढायला चालत गेले. काकूंच्या इमारतीतल्या बायका जिन्याखाली सामान गोळा करत होत्या. काकूंनी 2019 मध्ये कृष्णेचं पाणी स्वतःच्या घरात पाहिलेलं. त्या खाली उतरल्या आणि मुलीला म्हणाल्या, "सांग त्यांना, चिखल ओला आहे तोवरच काढा, वाळला की निघत नाही. भिजलेल्या गाद्या वाचवायच्या नादी लागू नका. आणि साध्या चपला घालून कोणी जाऊ नका, चिखलात काचा असतात." मुलगी भाषांतर करत होती, बायका ऐकत होत्या. मग काकू तिथेच बसून गाठोडी बांधू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई तेव्हापासून संध्याकाळी बेल वाजवते. जुन्या नदीपात्रात आता सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे, तिथे दोघी जातात. बोलणं मोडकंतोडकंच होतं, पण रोज होतं.

परत पाठवायचं की नाही, हे मुलीने आईला आजवर विचारलंच नव्हतं. आमच्यासमोर विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "राहीन की. पण माझं घर विकू नका." ते विकायचं मुलीच्या मनात होतं. तूर्त थांब, असं मी तिला सांगितलं. थंडीत काकू दोन महिने सांगलीला राहून येणार आहेत. घराचं काय करायचं, ते त्यानंतर त्याच ठरवतील.