अल्झायमर झालेली आई मावशींवर चोरीचा आळ घेते, काय करावं?

आईंच्या पाटल्या सापडेनात, त्यांनी सांभाळणाऱ्या मावशींना चोर म्हटलं आणि आता मावशी काम सोडायचं म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. तर आधी मावशींशी बोला. "आमचा तुमच्यावर काडीचाही संशय नाही" हे घरातल्या सगळ्यांसमोर, स्पष्ट सांगा. ब्युरोकडून दुसरी बाई मिळेलही, पण आळ तिच्यावरही येणारच. आमच्याकडे मावशी नव्हत्या, त्यामुळे सासूबाईंनी तो मान मला दिला होता.

आईंचा स्वभाव बिघडलाय असं समजू नका. नव्या आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजारात लवकर निकामी होऊ लागतो. पाटल्या आपणच जपून ठेवल्या याची नोंदच होत नाही, जागा रिकामी आहे हे मात्र दिसतं. मग त्यांच्या दृष्टीने कुणीतरी नेल्या, हे उघडच आहे. तिथे "तूच ठेवल्यास, आठव बघू" म्हणून काय होणार? मी म्हणायचे, "अगंबाई! चला, शोधू या." सासूबाईंच्या लपवायच्या जागा ठरलेल्या होत्या: तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागची फट. तिथवर न्यायचं आणि त्यांच्याच हाताला लागू द्यायचं. आपण काढून दिलं की चोर आपणच ठरतो!

खरं सोनं लॉकरमध्ये हलवा, हातात एक ग्रॅमच्या बांगड्या चालतात. पाकिटात दहा-वीसच्या नोटा असू द्या. कानही तपासून घ्या, कारण ऐकू कमी आलं की दुसऱ्या खोलीतलं साधं बोलणंही आपल्याविरुद्धची कुजबुज वाटते.

पैशांचं म्हणाल, तर समजून सही करता येतेय तोवर बँक खातं जॉइंट करून घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपतं, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं.

हा संशय दोन-चार दिवसांत एकदम वाढला असेल, तर मात्र आजार पुढे सरकला म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अगदी सर्दीवरची झोप आणणारी गोळीसुद्धा असा गोंधळ घालते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.