वाचकांचे प्रश्न : वाचनालयाच्या पडवीतला फलक

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका गावचा आंबा बागायतदार आहे. दहा जणांच्या आमच्या विवेकवादी गटाचा निमंत्रक म्हणून गेल्या दिवाळीपासून मी विनामोबदला काम पाहतो. वाचनालयाने पडवीतील फलक आम्हाला वापरायला दिला आहे आणि त्यावर गटाच्या वतीने नियमित लेख लावावा, असे माझ्या मनात आहे. किती दिवसांनी लिहावे, कशावर लिहावे आणि देवभोळ्या शेजाऱ्यांना न दुखावता हे जमेल का?

उत्तर : महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला लिहावे. दर आठवड्याला लिहिण्याचा उत्साह फार तर दोन महिने टिकतो आणि मग कडा वळलेला जुना कागद तसाच लटकत राहिला की गट मोडला, असे गाव धरून चालते. मार्च ते मे तुमचे हात पेट्या भरण्यात गुंतणार, म्हणून त्या तीन महिन्यांचे लेख थंडीतच लिहून ठेवावेत.

नियमितपणाचे मोल आपल्या किनाऱ्याला नवे नाही. दापोलीजवळच्या मुरूडला जन्मलेले र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य या विषयांवरचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. लोकांना जे कोणाला विचारण्याची सोय नव्हती, ते विचारण्यासाठी कर्व्यांनी जागा दिली, हे मला त्यात सर्वांत मोठे वाटते. तुम्हीही फलकाखाली एक पेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव नसले तरी चालेल.

विषय मात्र ईश्वराच्या अस्तित्वापासून सुरू करू नका. फुरशापासून करा. कातळावर दगडाखाली बसणारा हा लहानसा साप अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो, हे तुमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच घालवते आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागेपर्यंत काही तास जाऊ शकतात, हे किती जणांना माहीत आहे? दवाखान्यात रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे असे समजतात. ही नळी लेखात दाखवा. भगताच्या मंत्राने माणूस बरा झाल्याचे जे सांगितले जाते, त्यामागे बहुधा बिनविषारी साप असतो किंवा विषारी सापाने दंश करूनही विष सोडलेले नसते, हे त्यानंतर लिहिले की वाचणाऱ्याला पटते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस जवळ कोणत्या आरोग्य केंद्रात मिळते, हे स्वतः तिथे जाऊन, विचारून, मगच छापा. चिरा देऊ नये, घट्ट आवळून बांधू नये, दंश झालेला हात किंवा पाय हलवू नये, हेही लिहा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. तो उल्लेख एका वाक्यात, शेवटी आणि धमकीचा सूर न लावता यावा.

आता शेजाऱ्यांविषयी. कोणीच दुखावणार नाही, असे वचन मी देऊ शकत नाही. पण मध्यरात्री पोराला खांद्यावर घेऊन भगताच्या दारात जाणारा बाप मूर्ख नसतो. पोरावर त्याचा जीव असतो आणि त्या वेळी त्याला वाहन मिळालेले नसते. त्याला उपयोगी पडेल असे लिहिलेत, तर देवळात गाऱ्हाणे घालणारी माणसेही तुमच्या फलकापुढे थांबतील. वाहन असलेल्या दोघांचे फोन क्रमांक, त्यांच्या परवानगीने, लेखाच्या वरच लावा.

निमंत्रक आहात म्हणून तुमचे प्रत्येक मत गटाचे होत नाही. लेख लावण्यापूर्वी दोघांना वाचायला द्या, त्यांपैकी एक शक्यतो गटाबाहेरचा असावा. आणि मत तुमचे एकट्याचे असेल तेव्हा खाली फक्त स्वतःचे नाव घाला. चूक निघाली तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर न ढकलता त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरांत लावा. जूनपासून पडवीत झड येते आणि शाई फुटते, तेव्हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारी बाजूंनी चिकटवून घ्या.