कंबर धरली तर सुया टोचून घ्याव्यात का?

पाथरीच्या दादांनी विचारलंय: सोयाबीनचं पोतं उचलताना कंबर धरली, दोन महिने झाले, गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, तर संभाजीनगरला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर करावं का?

मी सहा बैठका केल्यात, म्हणून लिहितो. मोंढ्यात तीस वर्षं काढली, माझीही कंबर पोत्यानंच धरली. आधी गावाकडचं सगळं झालं. बिब्ब्याचे चटके (फोड आले, ते दुखणं वेगळंच) आणि पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) मावशीची लाथसुद्धा. हसू नका, लाथेनं दोन दिवस खरंच हलकं वाटलं होतं.

ही सुई इंजेक्शनची नव्हे. केसापेक्षा जराशी जाड, भरीव, औषध-बिषध काही नाही. पालथं झोपवून मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून टोचतात, शिवाय गुडघ्याच्या मागच्या वळीत. टोचताना मुंगी चावल्यागत होतं. सुई किंचित फिरवली की आत जड ओढ लागते, चिनी लोक तिला 'दे-ची' म्हणतात. माझा आखडलेला स्नायू एकदा आतल्या आत फडफडला, तेव्हा घाबरलोच. मग वीसेक मिनिटं पडून राहायचं. दुसऱ्या वेळेस मी चक्क घोरलो.

गुण आला. तिसऱ्या बैठकीनंतर वाकून मोजे घालता आले. पण जर्मनीतली २००७ साली छापून आलेली एक मोठी चाचणी बघा. कंबरदुखीचे ११६२ पेशंट. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, आणि औषध-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारानं २७.४ टक्के. म्हणजे सुयांनी बरं वाटतं, पण नेमक्या बिंदूचा त्यात वाटा थोडाच. आठवली ना मावशीची लाथ? डॉक्टरांतही म्हणूनच दोन तट आहेत. कोणते उपचार द्यावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीला हे देऊ नका म्हटलं, तर अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ मध्ये गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत ते धरलं.

माझी चूक सांगतो. सुया झाल्या की घरी येऊन दिवसभर आडवा व्हायचो, चार दिवसांनी कंबर पुन्हा तशीच. चौथ्या बैठकीपासून त्याच संध्याकाळी चालायला लागलो आणि फिजिओनं दिलेले व्यायाम धरले, तेव्हा कुठं टिकलं. सुई दोन-चार दिवस मोकळे करून देते, ते झोपून घालवू नका.

पायातली ताकद जात असेल, लघवी अडत असेल, ढुंगणाची-जांघेची जागा बधिर वाटत असेल, ताप किंवा वजन घटणं असेल तर सुया राहू द्या, आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा. मणक्याचा टीबीही असाच कंबरदुखी म्हणून अंगावर काढतात आपल्याकडे.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी आहे का ते बेधडक विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. मी पहिल्यांदा गेलो तिथं स्पिरिटच्या वाटीतून सुया काढायले होते, मी उठून चालता झालो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. सुयांना करंट लावणार असतील आणि पेसमेकर असेल तर तेही.

आणि दादा, संभाजीनगरच कशाला? आठवड्यातून दोनदा एवढा एसटीचा प्रवास केला तर सुईनं सुटलेलं गाडीत परत आखडायचं. आधी परभणीत चौकशी करा.