वडील माजी सैनिक, मुलगी इंजिनिअरिंगला: फीसाठी मदत कुठून मिळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त, घर डिचोलीला, तुम्हाला बारावीला ७८ टक्के आणि यंदा फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश, भाऊ नववीत. फीला काही हातभार लागेल का?

लागेल, आणि दोन ठिकाणांहून लागू शकतो.

तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,०००. मुलांना वर्षाला ३०,०००. चार वर्षांच्या पदवीला तुमचे १,४४,००० होतात. अर्ज पहिल्या वर्षाला असतानाच करायचा. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या डिप्लोमावाल्यांचा अपवाद सोडला, तर पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येत नाही. ‘आधी कॉलेजात रुळते, मग बघते’ असं म्हणून ही संधी घालवू नका.

बारावीला किमान ६० टक्के लागतात. ही फक्त पात्रता झाली. देशभरात वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. युद्धात कामी आलेल्यांची, जायबंदी झालेल्यांची, सेवेमुळे मृत्यू वा अपंगत्व आलेल्यांची आणि शौर्यपदक मिळवलेल्यांची कुटुंबं आधी घेतात, आणि ते योग्यच आहे. उरलेल्या जागांवर जवान आणि जेसीओंची (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांची) मुलं गुणांप्रमाणे येतात. तुम्ही या शेवटच्या गटात. म्हणून अर्ज जरूर करा, पण पैसे येणारच असं धरून फीचं गणित मांडू नका. मंजूर झाले तरी ते नंतर तुमच्या खात्यात येतात. प्रवेशाची फी तोवर घरूनच भरावी लागते.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. वडिलांचं डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी सैन्याकडून मिळालेलं), बारावीची मार्कशीट, आधार यांच्यासोबत तीन परिशिष्टं लागतात: पहिलं सैनिक कल्याण कार्यालयाकडून, वडील माजी सैनिक असल्याचं, दुसरं कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं बोनाफाईड, तिसरं बँकेकडून, तुमच्या खात्याला आधार जोडल्याचं. नमुना संकेतस्थळावरचाच वापरा. कॉलेज स्वतःच्या लेटरहेडवर नेहमीचं बोनाफाईड देतं आणि तेच अपलोड केलं की अर्ज परत येतो. खातं तुमच्या नावाचं हवं, वडिलांचं नको. बँकेत नुसतं ‘आधार लिंक आहे का’ असं विचारू नका. सरकारी अनुदान जमा होण्यासाठी आधार याच खात्याला सीड केलेलं, म्हणजे अनुदानासाठी जोडलेलं आहे का, ते विचारा. केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नसतं. आणि दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात.

मात्र खरी अडचण वडिलांच्या कागदांत निघते. डिस्चार्ज बुकात किंवा सेवा-नोंदीत तुमचं नाव आणि जन्मतारीख आहे का, ते आजच उघडून बघा. गोव्यात आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ फार: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘Gauncar’ किंवा ‘Naique’, आणि पलटणीच्या कारकुनाने लिहिलेलं वेगळंच. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून कार्यालयाला दाखवा. नावच नसेल तर नोंद रेकॉर्ड ऑफिसमधून (पलटणीच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातून) करून घ्यावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे, हे तुमचं नशीब. तरीही पत्रव्यवहाराला वेळ लागतो, म्हणून अर्जाची खिडकी उघडायची वाट न बघता हे काम आधी हाती घ्या.

आता दुसरी मदत: संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीचं शैक्षणिक अनुदान. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांसाठी, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. पूर्वी दरमहा १,००० होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना २,००० मिळतात. हे अनुदान उत्तीर्ण झालेल्या इयत्तेसाठी असतं. म्हणजे भावासाठी आठवीची मार्कशीट जोडायची, नववीची नव्हे. आणि तुमच्या बारावीच्या वर्षासाठीही अर्ज करता येतो का, हे कार्यालयात अवश्य विचारा. बहुतेकांना ते सुचतच नाही. इंजिनिअरिंगच्या एकाच वर्षासाठी मात्र दोन्हीकडे परस्पर अर्ज टाकू नका. दुसरी मदत घेत असाल तर ती सांगावीच लागते, आणि लपवलं तर पुढचे हप्ते अडकतात.

शिष्यवृत्ती मिळाली तर ती दरवर्षी नूतनीकरण करून घ्यायची. त्यासाठी प्रत्येक वर्षाला किमान ५० टक्के लागतात. इथे मुलं घसरतात ती पहिल्या वर्षाच्या गणितात: एक विषय राहिला तरी वरच्या वर्षाला जाता येतं, पण शिष्यवृत्ती हातची जाते. अवघड विषयाला आताच शिकवणी लावायची वेळ आली, तर तो खर्च वसूल होणारा आहे.

आधी वडिलांना डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि तुमचा जन्मदाखला घेऊन पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा. तुम्ही त्यांच्यासोबत गेलात तर उत्तम. बोर्डाच्या संकेतस्थळावर खातं उघडताना ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येतो, तेव्हा तो नंबर चालू असायला हवा.