इंजिन प्लाझ्मा सोडतं, मग सॅटेलाइटचा रेडिओ बंद का पडत नाही?

प्रश्न : शुभांशु शुक्ला परत येताना कॅप्सूलभोवती प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) तयार झाला म्हणून काही मिनिटं संपर्क तुटला. मग इलेक्ट्रिक थ्रस्टरवाला (विजेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा) सॅटेलाइट तर स्वतःच तासन्‌तास प्लाझ्मा सोडतो, त्याचा रेडिओ कसा काय चालतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. पण प्लाझ्मा म्हटला की रेडिओ बंद असं नसतं, तो किती दाट आहे त्यावर सगळं असतं. एका घन सेंटिमीटरमधे १ अब्ज इलेक्ट्रॉन असले तर साधारण २८० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी त्यातून जात नाहीत, वरच्या आरामात जातात. दाटपणा शंभरपट झाला तर ही हद्द दहापट वर सरकते, म्हणजे २.८ गिगाहर्ट्झ. कॅप्सूल त्या दाट प्लाझ्माने पुरतं वेढलेलं असतं. थ्रस्टरचा झोत मात्र एकाच बाजूला जातो, तोंडाशी दाट असतो आणि एखाद्या मीटरवर बराच विरळ होतो. टीव्हीचं डीटीएच ११-१२ गिगाहर्ट्झवर येतं, त्याला तो झोत जवळजवळ दिसतच नाही म्हणा ना.

खरी कटकट वेगळीच आहे. हॉल थ्रस्टर या प्रकारच्या इलेक्ट्रिक थ्रस्टरचा करंट स्थिर नसतो, सेकंदाला १०-३० हजार वेळा कमीजास्त होतो (इंजिनिअर याला 'ब्रीदिंग' म्हणतात, श्वास घेतल्यासारखं), त्याबरोबर प्लाझ्माही दाट-विरळ होतो आणि सिग्नल त्यातून गेला तर त्याची फेज (लहरीच्या चढउताराची वेळ) तशीच हलते. शिवाय थ्रस्टर स्वतःच १ ते ५ गिगाहर्ट्झमधे खरखर सोडतो, घरात मिक्सर लावला की रेडिओवर यायची ना, तशी. त्यामुळे अँटेना झोतापासून लांब ठेवायचा आणि रिसीव्हरला या खरखरीपासून वाचवायचं. ही खरखर जमिनीवर मोजायची म्हणजे पण ताप, कारण व्हॅक्यूमची टाकी लोखंडी, लहरी भिंतीवर आपटून परत येतात, म्हणून काही ठिकाणी फायबरग्लासची टाकी वापरतात!

आपल्या इस्रोच्या जीसॅट-९ वर २०१७ पासून असे थ्रस्टर आहेत. नासाचं डीप स्पेस १ तर १९९८ मधे आयन इंजिन (हाही इलेक्ट्रिक थ्रस्टरचाच एक प्रकार) घेऊनच गेलं, इंजिन चालू ठेवून ८.४ गिगाहर्ट्झवर बोलून बघितलं, काही फरक पडला नाही.

गंमत म्हणजे २००७ साली सुटलेलं नासाचं आयन इंजिनवालं डॉन यान, जे पुढे लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या वेस्टा आणि सेरेसभोवती फिरलं, ते पृथ्वीशी बोलायला साधारण आठवड्यातून एकदा इंजिन बंदच करायचं. पण ते प्लाझ्मामुळे नाही हो, मोठी डिश यानाला फिक्स बसवलेली, ती पृथ्वीकडे वळवायची तर अख्खं यान वळणार आणि इंजिनाचं तोंड भलतीकडे जाणार.