अमेरिकन डेली सोपच्या लेखिका-निर्मात्या ॲग्नेस निक्सन यांचं एवढं नाव का घेतात?

कारण दुपारच्या मालिकेत जे बोलायची सोय नव्हती, ते त्यांनी बोलून दाखवलं. डेली सोपच्या आद्य लेखिका इर्ना फिलिप्स यांच्या हाताखाली त्या शिकल्या. १९६२ मध्ये 'गायडिंग लाइट' या मालिकेतल्या बर्ट या बाईला गर्भाशयाचा कर्करोग होतो, वेळीच केलेल्या पॅप टेस्टमुळे (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) ती वाचते, असं कथानक त्यांनी आणलं. त्यासाठीची अट ऐका: 'कॅन्सर' आणि 'गर्भाशय' हे शब्द उच्चारायचे नाहीत! तरी त्यांनी ते लिहिलंच. घरोघरच्या बायकांपर्यंत तपासणीची गोष्ट अशी पोचवणं मला फार मोठं वाटतं.

पुढे एबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९६८ मध्ये 'वन लाइफ टू लिव्ह' आणि १९७० मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन' या मालिका त्यांनी निर्माण केल्या. पहिलीतली कार्ला प्रेक्षकांना बरेच दिवस गोरीच वाटत होती. मग एक दिवस इस्पितळात काम करणारी कृष्णवर्णीय सेडी तिची आई असल्याचं उघड होतं. तोवर लोकांचा तिच्यावर जीव जडलेला. आधी माणूस आवडू द्यायचा, प्रश्न नंतर मांडायचा, हे त्यांचं तंत्र. दुसरी मालिका तर एबीसीवर २०११ पर्यंत चालली. निक्सन २०१६ मध्ये, ९३व्या वर्षी गेल्या.